दूर राहणं ही आमची हौस नाही : मुंबईतल्या ऑफिसांच्या मॅनेजमेंटला सफाळ्याहून खुलं पत्र

माननीय मॅनेजमेंट,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच ऑफिसात अकाउंट्सला आहे, विरारच्या पुढे सफाळ्याला राहते. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, मला कुणाची बदनामी करायची नाहीये, आणि खरं सांगायचं तर हे पत्र आता एकट्या आपल्या ऑफिसपुरतं राहिलेलं पण नाही. परवा डहाणू लोकलच्या लेडीज डब्यात मी तुमचा मेल वाचून दाखवला तर समोरच्या ताई म्हणाल्या की असाच मेल आम्हालाही आलाय, त्या काम करतात बांद्र्याला, पलीकडे पालघरची मुलगी बसलेली ती अंधेरीला, तिलाही आलाय. म्हणून म्हटलं एचआरच्या पोर्टलवर तक्रार टाकून ती 'क्लोज्ड' झालेली बघण्यापेक्षा उघडच लिहावं, म्हणजे ज्यांना ज्यांना लागू होतं त्या सगळ्या मॅनेजमेंटनी वाचावं.

मेलमधे तीन गोष्टी होत्या. येत्या एक तारखेपासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस. साडेनऊच्या आत पंचिंग. महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाची रजा कापणार. इथपर्यंत वाचलं तेव्हा मी मनात गाड्यांचं गणित करायला लागले होते, कसंतरी बसवू म्हणून. पण शेवटी एक ओळ होती, की कर्मचारी कुठे राहतात हा त्यांचा वैयक्तिक निर्णय आहे आणि त्याचा कामाच्या वेळेशी संबंध जोडू नये. ती ओळ मात्र मला गिळता येईना. दोन रात्री झोप नाही लागली. त्या ओळीसाठी हे पत्र आहे.

आधी मी इथे कशी आले ते सांगते.

माझे बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, दहा बाय बाराची खोली, संडास कॉमन, पण भोंगा झाला की बाबा दहा मिनिटांत गेटवर असायचे, डबासुद्धा आई नंतर गरम गरम पाठवायची. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. पुढचं सगळ्यांना माहितीच आहे. खोली विकून बाबा आम्हाला घेऊन जोगेश्वरीला आले आणि एका गोडाऊनला वॉचमन म्हणून लागले. ती जोगेश्वरीची खोली आता भावाकडे आहे, त्याचीही दोन मुलं आहेत. माझं लग्न झाल्यावर आम्ही त्याच भागात भाड्याने राहायला लागलो. आणि आता मी ज्या ऑफिसात बसते ते लोअर परळला आहे, बाबांच्या गिरणीपासून चार गल्ल्या सोडून. बाबा जिथे दहा मिनिटांत चालत जायचे तिथे पोचायला मला पावणेतीन तास लागतात. पिढीगणिक आम्ही एक एक स्टेशन उत्तरेला सरकत गेलो आणि काम मात्र तिथल्या तिथेच राहिलं. हा माझा वैयक्तिक निर्णय कसा काय म्हणायचा?

जोगेश्वरीला आम्ही वन रूम किचनचं २४ हजार भाडं भरत होतो. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, प्रत्येक वेळी नवीन करताना मालक भाडं वाढवणार, नाही परवडलं तर नवीन घर, नवीन डिपॉझिट, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, टेम्पोवाल्याला पैसे, मुलीच्या शाळेच्या रिक्षाचा नवा हिशोब. सहा वर्षांत तीन घरं झाली. माझ्या हातात तेव्हा ३८ हजार यायचे. मिस्टर एका छापखान्यात होते, तो लॉकडाऊनमधे बंद पडला तो पडलाच. म्हणजे माझ्या पगारातले २४ भाड्याला, उरलेल्या चौदामधे चार माणसं, त्यात सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या. मी अकाउंट्सची बाई आहे, हा ताळेबंद जुळत नाही हे मला कुणी सांगायला नको होतं.

आणि नेमकं तेव्हाच, २०२०च्या शेवटी, तुमचा मेल आला होता. तो मी जपून ठेवलाय. त्यात लिहिलं होतं की यापुढे हायब्रिड पद्धत कायम राहील, अकाउंट्ससारख्या विभागांनी आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला यावं. कायम हा शब्द तुमचा आहे. त्या शब्दावर आम्ही फेब्रुवारी २०२१मधे सफाळ्याला आलो. मिस्टरांची मावशी केळवे-माहीमला असते, तिनेच खोली बघून दिली. तेव्हा लोकल सर्वसामान्य माणसाला ठरावीक वेळेतच मिळायची, एप्रिलमधे पुन्हा बंद झाली, दोन डोस झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१पासून मिळाली, आणि त्या सगळ्या काळात कंपनीचा एक हिशोब माझ्यामुळे अडला नाही. सात तारखेचा टीडीएस, अकरा तारखेचं जीएसटीआर वन, वीस तारखेचं थ्री बी, कंपनीच्या कराचं सगळं सफाळ्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून गेलंय. वीस तारखेला संध्याकाळी पोर्टल लटकतं म्हणून मी एकोणीसच्या रात्रीच भरून मोकळी व्हायचे. माझ्या अप्रेझलच्या फॉर्मवर तुमच्याच हातचं 'उत्तम' लिहिलेलं आहे.

मग पुढच्या वर्षी, २०२२मधे, आम्ही इथेच वन बीएचके घेतला. चौदा लाखांचं कर्ज, वीस वर्षं. बँकेला द्यायचं सॅलरी सर्टिफिकेट एचआरनेच दिलं, त्यावर सफाळ्याचाच पत्ता आहे, म्हणजे मी कुठे राहते हे तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि अकरा हजारांच्या आतला आमचा हप्ता तेरा हजारांवर आला. तरी जोगेश्वरीच्या भाड्यापेक्षा कमीच, आणि घर आपलं. दिवाळीत दाराला तोरण लावताना पहिल्यांदा मी खिळा ठोकला, भाड्याच्या घरात मालक ठोकू देत नसत.

२०२३मधे दोनाचे तीन दिवस झाले. आम्ही काही बोललो नाही, तीन दिवस जमवलं. आता पाच.

आता गाड्यांचं नीट सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी विरारच्या पुढे लोकलने कधी प्रवास केला नसणार, त्यात तुमचा दोष नाही, पण माहीत करून घ्या. विरारपर्यंत रेल्वेचे चार रूळ आहेत. विरार सोडलं की डहाणूपर्यंतच्या ६४ किलोमीटरला दोनच. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड, ही आमची स्टेशनं. त्या दोन रुळांवरून राजधानी जाते, वंदे भारत जाते, गुजरात-राजस्थानच्या एक्सप्रेस जातात, मालगाड्या जातात, मेमू जाते, आणि त्या सगळ्यांना वाट देऊन उरलेल्या फटीतून आमची लोकल जाते. चर्चगेटवरून लोकल डहाणूपर्यंत यायला लागली तीच मुळी एप्रिल २०१३पासून, त्याआधी इथली माणसं विरारला उतरून शटल धरायची. तिसरा-चौथा रूळ टाकायचं काम एमयूटीपी ३ या मुंबईच्या रेल्वे-सुधारणेच्या योजनेत २०१६ला मंजूर झालं, त्यात जमिनी, पूल, तिवरांसाठी हायकोर्टाची परवानगी असं करत करत चाललंय, खिडकीतून मातीचे भराव आणि पुलाचे खांब दिसतात, पण त्या रुळांवरून आमची गाडी अजून गेलेली नाही.

याचा अर्थ असा, की दादरला गाडी चुकली तर तीन-चार मिनिटांत दुसरी येते, सफाळ्याला चुकली की तास गेला, कधी दीड तास. तुम्ही म्हणता दहा मिनिटं आधी निघा. दहा मिनिटं आधी निघून मी प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटं जास्त उभी राहीन, गाडी तीच असणार आहे.

तर आता माझ्या तक्रारी. राग धरून लिहीत नाही, पण एक एक करून लिहिते म्हणजे कुणाला म्हणता येऊ नये की नुसतं रडगाणं आहे.

पहिली, साडेनऊची. तुमची साडेनऊची वेळ नेमकी माझ्या दोन गाड्यांच्या मधे पडते. सहाच्या आसपासची लोकल धरली तर दादर, मग स्लो ट्रेनने लोअर परळ, सव्वाआठ-साडेआठला मी बिल्डिंगच्या खाली असते. त्यानंतरची जी मला जमते त्याने पोचते नऊ चाळीसला, ती पण गाडी वेळेवर असली तर. म्हणजे एकतर तासभर आधी, नाहीतर दहा मिनिटं उशिरा. आठवड्यातून तीन दिवस मी तासभर आधीच येत होते. आणि आधी येऊन काय, तर आपल्या मजल्याचं दार पावणेनऊपर्यंत सिक्युरिटी उघडत नाही, कँटीन नऊला. मी जिन्यात बसते. पावसाळ्यात ओल्या साडीत जिन्यात बसून मी टॅली उघडून काम सुरू केलेलं सिक्युरिटीच्या काकांनी पाहिलंय, त्यांना विचारा, ते स्वतः नालासोपाऱ्याहून येतात. तो अर्धा तास कुठल्या रजिस्टरमधे चढत नाही. पण नऊ चाळीस मात्र चढतं, लाल अक्षरात.

दुसरी, संध्याकाळच्या मीटिंगा. साडेसहाला सुटायचं म्हणून सहाला मीटिंग लागते आणि ती पावणेसातपर्यंत जाते. माझी दादरची डहाणू लोकल गेली की मी विरार गाडीत चढते, आणि विरारच्या गाडीत डहाणूच्या माणसाला कुणी जागा देत नाही, त्यांचंही चुकत नाही, तेही दिवसभर राबून आलेले असतात. विरारला उतरून पुढच्या गाडीची वाट बघायची. घरी पोचायला दहा, सव्वादहा. सकाळी साडेचारला उठलेली असते. माझी मुलगी चौथीत आहे, तिची आणि माझी एक वही आहे. तिच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती रात्री मला लिहून ठेवते, उद्या हिरवा क्राफ्ट पेपर पाहिजे, बाईंनी सही मागितली, आज आजीचे पाय दुखत होते. मी पहाटे पोळ्या झाल्या की ते वाचते, खाली उत्तर लिहिते, आणि निघते. ज्या दोन दिवशी मी घरून काम करते त्या दिवशी त्या पानावर काही नसतं, कारण ती तोंडाने सांगते. ते दोन दिवस तुम्ही एका मेलने काढून घेतलेत. आणि मीटिंगमधे काय होतं, तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी मेलवर पाठवता येईल असंच असतं.

तिसरी, गाड्या बंद पडतात तेव्हाची. २८ मे २०२४ला पालघर स्टेशनात मालगाडीचे डबे घसरले, पेपरात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडच्या कितीतरी गाड्या रद्द. आम्ही सहा जणींनी पैसे काढून इको गाडी भाड्याने केली, वरई फाट्यावरून हायवेला लागून विरार गाठलं, त्यात हायवेचं काँक्रीटचं काम चाललेलं, एका एका ठिकाणी अर्धा अर्धा तास. मी सव्वाबाराला ऑफिसात पोचले, रजा न टाकता पोचले, का तर महिनाअखेर होती आणि मला पगाराच्या एन्ट्र्या करायच्या होत्या. तुमच्या सगळ्यांच्या पगाराच्या. त्या दिवशी माझी अर्धी रजा लागली. मी मेल करून कारण कळवलं, बातमीची लिंक जोडली, उत्तर आलं की पॉलिसीत तशी तरतूद नाही. असंच पावसात. जुलै २०१८मधे नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या होत्या हे सगळ्या मुंबईने बघितलंय, दर पावसाळ्यात त्या टापूत कधी ना कधी कमीजास्त तेच होतं. वसई-विरारला पाणी भरलं की त्याच्या पलीकडचे आम्ही तुटून पडतो, लोअर परळला तेव्हा ऊनसुद्धा असू शकतं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघता आणि म्हणता पाऊस कुठे आहे.

चौथी थोडक्यात. मागच्या अप्रेझलला मला सांगितलं गेलं की तुमचा तिकडे खर्च कमी आहे, तेव्हा पगारवाढीची घाई नसेल. माझा पगार मी करते त्या कामाचा आहे. घराचा हप्ता किती यावर तो ठरत असेल तर मग जवळ राहणाऱ्याला भाडं भरता येईल इतका पगार कुणाला देता, तेही दाखवा.

पाचवी म्हणाल तर तक्रार नाही, पण बोलून टाकते, कारण हे मला फार लागतं. कुणी म्हणतं तुम्ही तर बीचवर राहता, मज्जा आहे. सफाळे स्टेशनवरून एडवणचा किनारा रिक्षाने अर्धा तास. गेल्या पावसाळ्यापासून मी दोनदा समुद्र बघितलाय. इथे सुंदर आहे, खोटं कशाला बोलू, केळव्याची सुरूची बनं आहेत, माहीमच्या पानवेलींच्या वाड्या आहेत, पहाटेच्या गाडीला सातपाटीकडच्या बायका मासळीच्या टोपल्या घेऊन असतात, सफाळ्याच्या बायका भाजी घेऊन असतात, त्यांच्या टोपलीतली तोंडली आणि वालाच्या शेंगा तुमच्या दादरच्या मंडईत जातात. चांगली माणसं आहेत. पहिल्या पावसाळ्यात आमच्या घरात गळायला लागलं तर शेजारच्या वाडवळ आजींनी स्वतःच्या पडवीत आमच्या गाद्या वाळत घातल्या. पण मी इथे मजा करायला आले नाही. मला जिथे छप्पर परवडलं तिथे आले. आणि आमच्यासारखे मुंबईहून आलेले वाढले म्हणून इथल्याच पोरांना भाड्याच्या खोल्या महाग झाल्या, तेही मी डोळ्यांनी बघते. ३० ऑगस्ट २०२४ला डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन येणार, तेव्हापासून एजंट लोक सफाळ्याचेही भाव चढवून सांगतात. ज्यांच्या मासेमारीचं पुढे काय होणार ते माहीत नाही त्यांच्याच गावात हे भाव. म्हणजे मला जसं जोगेश्वरीतून सरकावं लागलं तसं उद्या इथल्यांनाही सरकावं लागणार.

तुमच्याकडून दोन उत्तरं येतील, ती मी आधीच ऐकलेली आहेत, म्हणून त्यांचंही बोलते.

एक, जवळ राहायला या. बरं, येते. लोअर परळ सोडा, दादर-माटुंगा सोडा, जोगेश्वरीतच परत येते. माझ्या हातात आता ४३ हजार येतात. जोगेश्वरीच्या त्याच घराचं भाडं आता ३० सांगतात, मी विचारून आले. सफाळ्याच्या घराचा हप्ता तेरा. बेरीज तुम्हीच करा. घर भाड्याने दिलं तर सहा-साडेसहा हजार येतील. मिस्टरांना बोईसर एमआयडीसीत नोकरी लागलीय, ते रोज माझ्या उलट दिशेला जातात, जोगेश्वरीला गेलो तर त्यांचा प्रवास सुरू होणार. सासूबाईंना आता चौथ्या मजल्यावर चढवत नाही.

दोन, रस्त्याने या, रो-रोने, म्हणजे गाड्या चढवून नेणाऱ्या बोटीने या. एप्रिल २०२५मधे विरारच्या मारंबळपाड्याहून इकडे खारवाडेश्रीला रो-रो सुरू झाली, चांगली सोय आहे, खाडी पंधरा-वीस मिनिटांत पार होते, ज्यांना बाइक घेऊन विरारला जायचंय त्यांचा मोठा वळसा वाचला. पण त्याने मी विरारला पोचते. लोअर परळ तिथून पुढे साठेक किलोमीटर नाही तरी पन्नासच्या वर आहेच, आणि विरारला सकाळी सातला चढणं काय असतं ते ज्याने केलंय त्याला माहीत. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडून गेली, तीही ऑफिस गाठायलाच निघालेली होती. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या डब्यात कुणी फारसं बोललं नाही. लेट मार्क वाचवायला दारात लटकू नका असं मी माझ्या भाच्याला सांगते, तो मान हलवतो, आणि मला माहितीये की तो लटकतो.

मला हे पक्कं म्हणायचंय, की आमचा प्रवास तुमच्या पगाराच्या हिशोबातूनच निघालेला आहे. तुम्ही असा पगार देता ज्यात ऑफिसपासून तासाभराच्या अंतरावर कुटुंबाला राहता येत नाही, आणि ऑफिस मात्र शहरातल्या सगळ्यात महाग जागेत ठेवता. या दोन निर्णयांमधलं अंतर आम्ही रोज आमच्या पायांनी भरून काढतो. सफाळ्याहून, पेणहून, आसनगावहून, बदलापूरहून. गिरण्या होत्या तेव्हा निदान भोंग्याच्या अंतरावर चाळी होत्या. गिरणीमालक काही देवमाणसं नव्हती, बाबांकडून मी ऐकलंय, पण कामगार गिरणीजवळ राहिला पाहिजे एवढं त्यांना कळत होतं. तुम्ही चाळी बांधा असं मी म्हणत नाही. पण अंतराचा संबंध जोडू नका हे तरी म्हणू नका.

मागण्या साध्या आहेत, एकीलाही फार पैसा लागत नाही.

पंचिंगची वेळ साडेनऊ ते साडेदहा अशी खुली ठेवा, जो जितका उशिरा येईल तितका उशिरापर्यंत बसेल. माझे तास पूर्ण भरतील, एक मिनिट कमी नाही. हे काही मी जगावेगळं मागत नाहीये, गर्दी फुटावी म्हणून मध्य रेल्वेने मुंबईतल्या आपल्याच ऑफिस स्टाफसाठी नोव्हेंबर २०२३पासून दोन वेगवेगळ्या वेळा केल्या होत्या. रेल्वेला जे सुचलं ते कंपन्यांना का सुचू नये.

ज्यांचं काम घरून होतं आणि चार वर्षं झालेलं आहे त्यांना आठवड्याचे दोन दिवस घरून द्या. सात, अकरा, वीस या तारखांना ऑफिसला या म्हणालात तर मी त्या तारखांना नक्की येईन, बाकीचं आम्ही आपापसात ठरवू.

गाड्या बंद किंवा रद्द असल्याचं रेल्वेने जाहीर केलं असेल त्या दिवशी लेट मार्क आणि रजा लावू नका. आणि आधी लागलेल्या, निदान २९ मे २०२४च्या, परत द्या. माझी एकटीची अर्ध्या दिवसाची आहे, पण त्या दिवशी माझ्यासारख्या आणखीही होत्या.

पाच वाजल्यानंतर नवीन मीटिंग लावू नका. अगदीच लागली तर फोनवर जोडून घ्या, मी गाडीतून ऐकेन, वैतरणेच्या पुलापर्यंत नेटवर्क असतं.

मजल्याचं दार सकाळी आठला उघडा. दिवे, पंखे आणि पिण्याचं पाणी, बस. हे तर उद्यापासून होऊ शकतं, त्याला पॉलिसी बदलायला नको.

विरार, कर्जत, कसारा, पनवेल यांच्या पलीकडून येणाऱ्यांना लोकलच्या पासचे पैसे द्या, सेकंड क्लासचे दिलेत तरी चालतील.

आणि त्या मेलमधली शेवटची ओळ काढून मेल पुन्हा पाठवा.

यातलं काय होईल, काय नाही, काय अर्धं होईल ते आमच्यासमोर बसून सांगा. आम्ही भांडायला येणार नाही. मी, डिस्पॅचचा आसनगावचा मुलगा, रिसेप्शनवरची पेणची मुलगी आणि सिक्युरिटीचे काका, एवढे चौघं यायला तयार आहोत. मीटिंग एक तारखेच्या आत ठेवा आणि कृपा करून दुपारी ठेवा. एक तारखेला काही उत्तर आलं नसलं तरी मी नेहमीसारखी सहाच्या गाडीने निघेन आणि सव्वाआठला खाली असेन. त्या दिवशी दार उघडं असेल एवढं तरी बघा.

आपली नम्र,
अकाउंट्समधली सफाळ्याची एक कर्मचारी